बाबांच्या चहातली पुडी

अमरावतीच्या त्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेली निम्मी माणसं अकोल्याची होती. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. एका काकूंच्या पिशवीवर अकोल्यातल्या साडीच्या दुकानाचा पत्ता छापलेला होता. एका गृहस्थांच्या खिशातून रेल्वेचं तिकीट डोकावत होतं. तिसरे एक जण तोंडावर हात धरून फोनवर बोलत होते, "मी लग्नात हाओ बडनेऱ्याले. तू दुकान पाय." बाकावरच्या कुणीही कुणाकडे पाहत नव्हतं. मी टोकाला बसले होते, ओढणी नाकापर्यंत ओढून. मेच्या उन्हात त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

इथवर पोचायला मला दोन आठवडे लागले होते. मी अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये इंग्रजीचे पेपर तपासायची आणि बाबा-आई अकोल्यात राहायचे. खोलीचं दार लावून मी फोनवर व्यसनमुक्ती केंद्रांचे नंबर शोधायची. एका ठिकाणचा माणूस फारच गोड बोलला. "तुम्ही फक्त पत्ता द्या ताई. गाडी पाठवतो, चार माणसं येतील, घरून उचलून नेतील. तीन महिने फोन नाही, भेट नाही. पेशंट कितीही रडला तरी तुम्ही घाबरायचं नाही." मी फोन ठेवला. त्यानंतर त्या नंबरवरून रोज फोन येऊ लागला आणि मी रोज तो वाजू द्यायची.

समुपदेशक ताईंनी विचारलं, "पेशंट कोण?"

"एक नातेवाईक."

"अकोल्याचे?"

मी ओढणी सारखी केली. त्या हसल्या. "अकोल्याचे इथे येतात, अमरावतीचे अकोल्याला जातात. मूर्तिजापूरवाले बिचारे मधल्या मध्ये कुठे जातात देव जाणे." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "वडील?"

मी मान हलवली.

रोज घेतात का, किती वर्षं, सकाळी लागते का, असं त्यांनी विचारलं. सकाळी लागते, हे मी पहिल्यांदाच कुणापुढे बोलले. त्यांनी सोमवारची वेळ दिली आणि म्हणाल्या, "तोपर्यंत एक लक्षात ठेवा. घरच्या घरी एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याची अचानक तोडली तर फिट येते, भ्रम होतो, जीवही जातो. सोमवारपर्यंत पिऊ द्या, पण इथे आणा."

मी ते वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या. लिहिलं इंग्रजीत. शाळेपासूनची सवय. आमच्या शाळेत मराठी बोललं की दिवसभर गळ्यात पाटी घालून फिरावं लागायचं.

त्या संध्याकाळी मी अकोल्याला घरी गेले तेव्हा ती वही पर्समध्ये होती. आईला ती वाचता आली नसती, आणि मीही तिला वाचून दाखवली नाही. एवढंच म्हणाले, "सोमवारी न्यायचंय." बावीस वर्षं जी बाई नवऱ्याने पिऊ नये म्हणून उपास करते, तिला "अजून पाच दिवस पिऊ दे" हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? मला ते वाक्य कोणत्याच भाषेत जुळवता येईना.

बाबांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, घरापासून चार पावलांवर. मे महिन्यात अकोल्यातले सगळे जळके कूलर त्यांच्याकडे येतात. केसाइतकी बारीक तांब्याची तार ते साच्यावर गुंडाळतात आणि एकेक वेढा तोंडाने मोजतात. एक वेढा चुकला तर मोटार पुन्हा जळते. माझी अख्खी शाळा त्या वेढ्यांमधून निघाली. पण सकाळी उठल्यावर त्यांच्या हाताला कंप असायचा. बशीत चहा सांडायचा. मग ते दुकानात जायचे. पंपाच्या रिकाम्या खोक्यामागे बाटली असायची, आणि दहाच्या सुमारास त्यांचा हात दगडासारखा स्थिर व्हायचा. आमच्या घरात बाबांचा हात पाहून कळायचं की घेतली आहे की नाही. हात थरथरला की आईला हायसं वाटायचं, स्थिर दिसला की ती देवघराकडे जायची.

घरी आत्या आलेली होती. बाबांची थोरली बहीण, पातूरची. पातूरच्या रस्त्याला भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं, 'दारू सोडवा, पिणाऱ्याला न कळता'. लहानपणी एसटीच्या खिडकीतून मी ते मोठ्याने वाचायची आणि आई मला गप्प करायची. आत्या त्या भिंतीवरच्या पत्त्यावर जाऊन आली होती. तिच्या बटव्यात वर्तमानपत्राच्या कागदाच्या सात पुड्या होत्या.

"मेळघाटातली मुळी हाय," ती म्हणाली. "सात दिवस, सकाळच्या चहातून. गुरुवारपासून. कुवार पोरीच्या हातानं द्या लागते, अन् देतानी बोला नाई लागत. त्याले मालूम पडलं का पावर गेली."

आई माझ्याकडे पाहत होती. "तू आली तं बरंच झालं वं," ती म्हणाली. "तुह्याच हातानं गुण यायचा असन."

"सोमवारी अमरावतीला..." मी म्हणाले.

"जाऊ ना सोमवारी," आत्या म्हणाली. "गाडी सोमवारी हाय, तवर काय त्याले तसंच ठेवतं? इंग्लिश शाळेत हेच शिकवलं का, बापाले मरू द्या म्हून?"

गुरुवारी सकाळी ओट्याशी मी पहिली पुडी उघडली. पांढरीशुभ्र पूड. मुळी वाळवून कुटली तर इतकी पांढरी होईल का, असा विचार आला. मग पुडीच्या घडीत एक तुकडा दिसला. नीट कुटला गेला नव्हता. त्याच्या एका बाजूला सरळ कोरलेली रेघ होती, गोळी अर्धी मोडता यावी म्हणून असते तशी.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी फार दिवस कुणाला सांगितलं नाही. मला बरं वाटलं. भीती वाटायला हवी होती, पण मनात आलं, म्हणजे हे झाडपाल्याचं थोतांड नाही, खरं औषध आहे, कारखान्यात बनलेलं. मुळी असती तर मी कदाचित मोरीत ओतली असती. गोळीची रेघ पाहिली आणि मी चमच्याने ती पूड ढवळली.

बाबांनी चहा घेतला. "थँक्यू मॅडम," ते म्हणाले. मी बोलले नाही. बोलायचं नव्हतंच, आणि मी एरवीही फारशी बोलत नसल्यामुळे त्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही.

दुपारी बारा वाजता ते घरी आले ते भिंतीला धरून. चेहरा आणि मान विटकरीसारखी लाल, डोळे तांबारलेले. मोरीशी बसून ओकत राहिले. छाती इतकी धडधडत होती की बनियन हलताना दिसत होतं. आई पाण्याचा तांब्या घेऊन पाठ चोळत होती आणि आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती, पाहिलं? शुक्रवारी दुसरी पुडी. त्या दिवशी त्यांनी दुकानात जाऊन थोडीशीच घेतली असावी, कारण अर्ध्या तासात परत आले आणि पुन्हा तेच झालं. संध्याकाळी ते कॉटवर पडून म्हणाले, "आता नोको बाप्पा. वासही नोको."

आईने तोंडाला पदर लावला. आत्याने शिरा केला, शेजारी वाट्या वाटल्या. शेजारणीने कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणाली, "असाच."

मला त्या रात्री वहीतली ओळ आठवली. आठवली म्हणजे ती मी विसरलेच नव्हते. पण घरात बावीस वर्षांनी शिरा झाला होता. मी वही उघडली नाही.

शनिवारी मी तिसऱ्या पुडीचा चहा दिला. बाबांना दोन्ही हातांनीही कप धरता येईना. मी धरला. ते घामाने भिजले होते आणि कूलर पूर्ण जोरात चालू होता. एक घोट घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय टाकलं वं चहात, माय?"

"अद्रक," मी म्हणाले.

"लय तेज हाय," ते म्हणाले आणि उरलेला चहा त्यांनी माझ्या हाताने पिऊन टाकला.

दिवसभर घाम, थरथर, जरा ताट वाजलं की दचकणं. अकोल्यात मे महिन्यात माणूस असा झाला की कुणी दुसरा विचारच करत नाही. ऊन लागलं. आईने कैरी भाजून पन्हं केलं. आत्याने कांदा ठेचून तळपायाला लावला. "एक तं ऊन, अन् दुसरं जहर निघून राहिलं अंगातलं," ती म्हणाली. "इतक्या वर्साचं जहर, निंगतानी तरास देईनच." ती हे इतक्या खात्रीने म्हणाली की मलाही क्षणभर ते जहर घामाच्या थेंबाथेंबाने चादरीत उतरताना दिसलं.

रविवारी सकाळी मी चौथी पुडी उघडली नाही, उरलेल्या पुड्यांसकट पर्समध्ये टाकली. रिकामा चहा दिला. आत्याला ते कळलं नाही. हे मी धाडस म्हणून सांगत नाही. धाडस असतं तर मी तोंडाने सांगितलं असतं.

दुपारी एकच्या सुमाराला बाबा कॉटवर उठून बसले. त्यांची नजर चादरीवर होती. अंगठा आणि तर्जनी जुळवून त्यांनी चादरीवरून काहीतरी अलगद उचललं, ताणलं आणि हवेत गुंडाळायला लागले. "दोनशे अकरा. दोनशे बारा. दोनशे तेरा." नेहमीचाच लयीतला आवाज. हातात तार नव्हती.

"पाय वं," आत्या आईला म्हणाली, "काम आठोलं त्याले. मानसात आला."

आई हसली. मी आईला इतकं सुंदर हसताना क्वचित पाहिलं आहे, म्हणून ते हसू मला अजून विसरता येत नाही.

मग बाबा कोपऱ्याकडे पाहून ओरडले, "तिथं काहून उभा हाय बे? करंट हाय त्यात, सरक!" कोपऱ्यात फक्त कूलर होता. आईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळे बदलले. "दोनशे एकोणीस," बाबा म्हणाले, आणि त्यांची मान एका बाजूला वळली, वळतच राहिली. अंग ताठ झालं आणि ते कॉटवरून खाली आले. पाय फरशीवर आपटत होते. तोंडातून फेस.

आत्या देवाचं नाव घ्यायला लागली. आई त्यांच्या मुठी उघडायचा प्रयत्न करत होती. ते थांबलं तेव्हा बाबा घोरल्यासारखा श्वास घेत होते.

"सकाळची गाडी..." आई म्हणाली. "उद्या सकाळीच जाऊ अमरावतीले."

"आई, सरकारी दवाखाना दहा मिनिटांवर आहे."

"तिथं नोको वं. तिथं सगळे वळखतात. पूर्ण गावात होईन. तुह्या लग्नाचं..."

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. आई नंतर म्हणाली की मी इंग्रजीत ओरडले आणि तिला एकही शब्द कळला नाही, पण ती उठली. मी अनवाणी रस्त्यावर गेले, डांबर तापलेलं होतं. ज्या पहिल्या ऑटोला हात केला तो आमच्याच गल्लीतला निघाला. ऑटोवाल्या काकांनी बाबांना खांद्यावर घेतलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं, "काय झालं? दारूचं का?"

"हो," मी म्हणाले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. बाबांच्या हातात सुई लावताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "घरी काही दिलंत?"

"कैरीचं पन्हं," आत्या म्हणाली.

"अजून?"

"कांदा लावला तळपायाले."

"अजून?"

आत्या आईकडे पाहत होती, आई जमिनीकडे. बाबांचे डोळे अर्धे उघडे होते. त्यांना ऐकू येत होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं.

"मी दिलं," मी म्हणाले. पर्समधून उरलेल्या पुड्या काढल्या. वहीही निघाली, तीही मी त्यांच्यापुढे ठेवली, कशासाठी कुणास ठाऊक. त्यांनी पुडी उघडून पाहिली, मग वहीतली ओळ वाचली. खाली मारलेल्या दोन रेघा पाहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी वही मिटून मला परत दिली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्हाला बाहेर नेऊन डॉक्टरांनी समजावलं. दारू अंगात असताना ही गोळी पोटात गेली तर हृदयावर ताण येतो. घाबरून बाबांनी दारू एकदम थांबवली, आणि ती थांबल्यामुळे मेंदू असा झाला. "दोन वेळा मेले असते," त्या म्हणाल्या. "गोळीने एकदा आणि थांबल्याने एकदा. अमरावतीपर्यंत नेलं असतं तर वाटेत गेले असते."

बाबा नऊ दिवस वॉर्डात होते. चौथ्या दिवशी त्यांनी मला ओळखलं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी बसायची. शेजारी चांदूर बाजारचे, दर्यापूरचे, अमरावतीचे लोक. सगळे तोंड झाकून.

सुटी देण्याआधी डॉक्टरांनी बाबांना उठवून बसवलं. एका गोळीचं नाव सांगितलं. ती घेऊन वर दारू घेतली तर काय होतं ते सांगितलं. दारू घेतलेली असेल तर ती गोळी त्या दिवशी मुळीच द्यायची नाही, हे मला सांगितलं. मग बाबांची संमती मागितली. बाबांनी कागद सगळा वाचला, हळूहळू.

"म्हंजे चहात हेच होतं?"

मी मान हलवली.

त्यांनी कागद मांडीवर सरळ केला. मग म्हणाले, "अद्रक लयच तेज निंगालं, मॅडम." आणि सही केली. सही थरथरलेली होती.

मी क्लास सोडून अकोल्यात राहिले. आता घरात चहा बाबा स्वतः करतात. माझ्या हातचा घेत नाहीत. रोज सकाळी मी तळहातावर गोळी घेऊन त्यांच्यापुढे उभी राहते आणि ते रोज विचारतात, "हे काय हाय?" त्यांना माहीत असतं. तरी मला गोळीचं पूर्ण नाव उच्चारावं लागतं, मोठ्याने. आई ऐकते, शेजारीण ऐकते. मग ते गोळी घेतात. पहिले काही दिवस मला ही शिक्षा वाटायची. नंतर त्या प्रश्नाची मी वाट पाहायला लागले. ते विचारत आहेत तोवर ठीक आहे, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. हाताचा कंप पूर्ण गेला नव्हता. डॉक्टर म्हणाल्या होत्या, वेळ लागेल. बशीत थोडा चहा सांडायचाच.

काल त्यांनी विचारलं नाही.

मी गोळी पुढे केली, त्यांनी ती उचलून तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला आणि चपला घालायला वळले. ओठ मिटलेले. मी बशीकडे पाहिलं. बशी कोरडी होती. त्यांनी दाराची कडी काढली, एका हाताने, सहज. हात दगडासारखा स्थिर होता. दुकान अजून उघडलं नव्हतं. म्हणजे बाटली आता घरात कुठेतरी होती.

"बाबा, तोंड उघडा."

ते थांबले, वळले नाहीत. अंगणातून शेजारीण पाहत होती. आई आतून पदराला हात पुसत आली. पूर्वी मी एवढ्यावर गप्प बसले असते.

"तोंड उघडा, बाबा."

त्यांनी वळून तळहातावर गोळी थुंकली. ओली, कडेने विरघळलेली. रेघ अजून दिसत होती. माझ्याकडे पाहत त्यांनी ती पुन्हा ओठांपाशी नेली, मुद्दाम, मी काय करते ते पाहायला. मी त्यांचं मनगट धरलं आणि गोळी काढून घेतली. आजवर मी बाबांचा हात असा कधी धरला नव्हता.

"आधी सांगा. काय घेतलंय?"

ते हसले. मला तो वास आला.

"अद्रक," ते म्हणाले.

विरघळलेला भाग दारूवर पोटात गेला असणार. मी त्यांचं मनगट सोडलं नाही. तसंच धरून फाटकाबाहेर आले आणि सरकारी दवाखान्यात न्यायला दुसऱ्या हाताने ऑटो थांबवला. ते आले बरोबर. ओढावं लागलं नाही, आणि तेच मला जास्त भीतीचं वाटलं. ऑटोत बसल्यावर काही वेळाने माझ्या मुठीत त्यांच्या मनगटाची नाडी लागली. मी ती मोजायला लागले, एकेक ठोका, ते वेढे मोजतात तशी.